गाळलेलं जेवण

गुरुवारी रंगवाल्याचं तोंड बंद होणार होतं आणि बाजारातल्या निम्म्या लोकांना त्याचा मनातून आनंद झाला होता. बावीस वर्षं तो रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकांना हव्या त्या छटा मिसळून देत होता, आणि त्याच्या तोंडाचा पट्टा हातांपेक्षा जोरात चालायचा. शेवटी जबडाच दमला असावा. डाव्या बाजूला तो अडकायला लागला. जांभई दिली की तोंड उघडं ते उघडंच. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. त्यानंतर सहा आठवडे वरचे-खालचे दात तारेने बांधलेले राहणार आणि पोटात जे जाईल ते सिरिंजला लावलेल्या नळीतून, गालाच्या आतल्या बाजूने.

दवाखान्याने एक कागद दिला होता. त्यात लिहिलं होतं, आधी घरी एक दिवस फक्त पातळ घेऊन बघा, म्हणजे नंतर गडबड होत नाही. रंगवाल्याने रविवार धरला. यात बघायचं काय, हे काम आपल्याला पाठ आहे, असं तो चारचौघांत सांगत सुटला.

पाठ होतंच. सहा वर्षांपूर्वी वडिलांना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं, चावणं गेलं. अकरा महिने ते याच घरात होते. बायको पोस्टात, तिची पाळी पहाटेची, म्हणून सकाळचं भरवणं रंगवाल्याकडे होतं. तो सगळं एकाच भांड्यात मिक्सरमधून काढायचा आणि चमच्याने भरवायचा. नऊला दुकान उघडायचं असायचं. वडील ओठ घट्ट मिटायचे, चमचा डाव्या हाताने ढकलायचे. मग तो त्यांचा हात आपल्या गुडघ्याखाली दाबून ठेवायचा आणि वाटी संपवायचा. संध्याकाळी मात्र सुनेच्या हातून म्हातारा मुकाट जेवायचा. आपण राबायचं आणि राग आपल्यावरच, हे रंगवाल्याला फार लागायचं.

रविवारी बायकोने भात मऊ शिजवला, गाजरं उकडली, अंडं उकडलं, केळं सोलून ठेवलं. चार वाट्या ओट्यावर ओळीने मांडल्या.

"तू सरक. मला येतं हे," तो म्हणाला आणि चारही वाट्या त्याने मिक्सरच्या भांड्यात उपड्या केल्या. वरून दूध घातलं. जबड्याच्या दुखण्यावरच्या गोळीची पूड घातली. बटण दाबलं.

बायकोने रिकाम्या वाट्या उचलून धुवायला घेतल्या.

गुठळी राहिली तर नळी तुंबते, असं कागदात बजावलेलं होतं. म्हणून त्याने दुकानातून रंग गाळायची कोरी जाळी आणली होती. दोनदा गाळलं. गाळण्यात त्याचा हात धरणारं बाजारात कोणी नव्हतं. डब्यात एक खडा निघाला तर तो अख्खा डबा परत घ्यायचा. वडिलांचं मात्र त्याने कधी गाळलं नव्हतं. चमच्याला कुठली नळी असते?

वाडग्यात उतरलेल्या त्या प्रकाराकडे त्याने जरा वेळ पाहिलं. दुकानात उरलेसुरले डबे एका पिंपात ओतले की असाच रंग होतो. तो मागच्या भिंतींना जातो.

मग त्याने सिरिंज भरली, नळी गालात सरकवली आणि दट्ट्या दाबला.

आधी केळं आलं, त्यात अंडं, त्या दोघांवर गोळीचा कडूपणा, आणि सगळं कोमट. त्याचे ओठ आपोआप मिटले. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा मिटले. त्याला सकाळपासून भूक लागलेली होती, कोणावर राग नव्हता, तरी तोंड ऐकेना.

सिरिंज खाली ठेवून तो स्टुलावर बसला.

"बाबा तुझ्या हातून नीट जेवायचे," तो म्हणाला.

"मी वेगवेगळं द्यायचे. आधी भात, मग भाजी. केळं शेवटी." बायको ओटा पुसत होती.

"मला सांगायचं नाही?"

"दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, पोटात जाऊन सगळं एकच होतं."

असं तो म्हणाला होता. बायकोलाच नव्हे, ताईलाही. एका रविवारी थोरली बहीण लवकर आली आणि तिने तो गुडघ्याखालचा हात पाहिला. "अरे, नको असेल त्यांना ते. वेगळं करून दे," एवढंच ती म्हणाली. तर हा तिच्या अंगावर गेला. पोटात जाऊन सगळं एकच होतं, इतके महिने मी करतोय, तू रविवारची पाहुणी, मला शिकवू नकोस. ताई चप्पल घालून निघून गेली. वडिलांच्या अंत्यविधीला लांब उभी राहिली, आणि त्यानंतर पाच वर्षं या घराची पायरी चढली नाही.

आता गुरुवारच्या आत तिला सांगायला हवं होतं. नंतर सहा आठवडे तोंड उघडणार नाही, आणि सहा आठवड्यांनी आपण पुन्हा आपलंच खरं करू, हे तो स्वतःला ओळखून होता. "मेसेज टाका," बायको म्हणाली. त्याने सोमवारी चार वेळा लिहिला आणि चारही वेळा पुसला. जे तोंडाने केलं ते तोंडानेच फेडायला हवं, असं त्याला वाटलं. तरी मंगळवार त्याने दुकानातल्या कामाच्या नावाखाली घालवलाच.

बुधवारी संध्याकाळी तो गेला. ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. मागच्या खोलीत यंत्रापाशी ती बसली होती, पूर्वीपेक्षा बारीक, केस पांढरे.

"ताई, तू बरोबर होतीस," तो दारातूनच म्हणाला. "बाबांना ते जात नव्हतं. मी चाखून बघितलं. मी एकदाही चाखलं नव्हतं गं. माफ कर मला."

तिने यंत्र बंद केलं. काच दिव्यासमोर धरून पाहिली, पुसली.

"मला कशाला सांगतोस? माझा हात थोडाच दाबला होतास."

तो दाराच्या चौकटीवरचा सुटलेला रंग नखाने खरवडू लागला.

"ऑपरेशनचं बाजारात कळलं. उद्या किती वाजता आहे?" तिने विचारलं.

"नऊला."

"बरं," ती म्हणाली आणि पुढची काच घेतली.

शुक्रवारी सकाळी तो दवाखान्याच्या खाटेवर पडला होता. तोंड तारांनी आवळलेलं, चेहरा सुजलेला, उजव्या हाताला सलाइन. ताई आली. पिशवीतून तिने तीन छोट्या बरण्या काढल्या आणि त्याच्यासमोरच्या टेबलावर अंतर ठेवून मांडल्या. एकीत नारिंगी, एकीत पिवळसर, एकीत पांढरं.

"आधी कुठलं?" तिने विचारलं.

त्याने डावा हात उचलून नारिंगी बरणीवर बोट ठेवलं. तिने सिरिंज भरली आणि हळूहळू दिली. नुसतं गाजर होतं, किंचित मीठ घातलेलं. ओठ मिटले नाहीत.

"आता?"

त्याने पुन्हा हात उचलला आणि तो तसाच अधांतरी राहिला. 'आधी कुठलं?' हे दोन शब्द अकरा महिन्यांत बाबांसाठी त्याच्या तोंडून निघाले नव्हते. तेव्हा तर तोंड सताड उघडं होतं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि बांधलेल्या जबड्याने त्याला धड रडताही येईना.

बाबांचा डावा हात शेवटच्या दिवसापर्यंत चांगला चालत होता.