सही घेऊन या

शिवणवाली मशीनवर बसली होती आणि तिची आई शेजारी चटईवर काजं करत होती. गणवेशांचं काम आलं होतं, त्यामुळे घरभर एकाच रंगाच्या चिंध्या. शिवणवालीची लहान लेक मशीनखाली बसून त्यातल्या मोठ्या मोठ्या वेचत होती. घर लहान, पण तिघींचं भागत होतं.

नवऱ्याचा मार खाऊन खाऊन शिवणवाली माहेरी परतली होती. तर तो इथेही येऊन दारावर लाथा घालायला लागला. शेवटी तिने कोर्टात अर्ज केला, की या माणसाने आमच्या दाराशी येऊ नये. मागणं एवढंच होतं. पण त्याला नोटीस पोचल्याशिवाय सुनावणी होणार नव्हती, आणि नोटीस पोचवायला कोर्टाकडे माणूसच उरला नव्हता.

सरकारने कोर्टांच्या खर्चाला कात्री लावली होती. अर्धे पंखे बंद झाले, निम्म्या खोल्यांना कुलपं लागली आणि घरोघरी नोटीस नेऊन देणारे सगळे बेलिफ घरी बसले. तेव्हा हेडक्लार्कने युक्ती काढली: ज्याचा अर्ज, त्यानेच नोटीस न्यावी आणि समोरच्याची सही घेऊन यावी. त्याच्याकडे प्रत्येक अडचणीवर तोडगा असे, म्हणून कोर्टात सगळे त्याला तोडगेकाका म्हणत. या तोडग्यावर तर वरून शाबासकी आली. माणूस वाईट नव्हता. कोर्टातल्या मोडक्या खुर्च्या तो स्वतः सुतळीने बांधायचा. अशालाच आपण कर्तबगार म्हणतो, आणि उंटावरून शेळ्या हाकणारेही बहुधा असेच सज्जन असतात.

टपालाने नाही का पाठवता येणार, असं शिवणवालीने कोर्टाच्या खिडकीशी विचारलं. टपालाचा खर्चही बंद झाला होता. आई जाईल म्हणाली, तर तेही चालणार नव्हतं. अर्ज जिचा तिनेच जायचं.

"तारखेच्या आत सही आली नाही तर अर्ज निकालात निघेल, ताई," तोडगेकाका म्हणाला. मग त्याने सहीच्या जागी पेन्सिलीने फुली करून दिली आणि मायेनेच सांगितलं, "दिवसाउजेडी जा, म्हणजे झालं."

ती जेवणाच्या वेळेला गेली. सासू घरात असली की तो जरा आवरतं घेतो, असा तिचा हिशेब होता. आईला बरोबर यायचं होतं, पण लेकीला कुणाकडे ठेवणार? सासूने दार उघडलं, पाणीही दिलं. नवऱ्याने उंबऱ्यात उभं राहून नोटीस शेवटपर्यंत वाचली. कागद त्याच्या पुढ्यात टाकून पळावं, असं तिला फार वाटलं. पण सहीशिवाय परतायचं नव्हतं, म्हणून ती तिथेच थांबली. तो आत जाऊन पेन शोधून आला. त्याने सही केली आणि कागद तिच्या डाव्या हातात दिला. मग तिचा उजवा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. सासू रिकामा पेला घेऊन स्वयंपाकघरात गेली.

तारखेला नवरा इस्त्रीचा शर्ट घालून हजर होता. तोडगेकाकाने उठून सांगितलं, की नोटीस रीतसर पोचली आहे. न्यायाधीशबाईंनी विचारलं, अर्जदार कुठे आहे? तेव्हा मागच्या बाकावरून शिवणवालीची आई उठली.

"दवाखान्यात आहे. बोटं जुळतील म्हणतात. मशीन चालवता येईल असं मात्र कुणी म्हणत नाही. पण सही आणलीय तिने. साहेबांनी फुली मारून दिली होती ना, बरोब्बर तिथंच आहे."

ती रडली नाही, ओरडली नाही. कागद नीट टेबलावर ठेवून बाजूला उभी राहिली. आदेश त्याच दिवशी निघाला आणि नवऱ्याला पोलीस घेऊन गेले, पण त्या आदेशाने शिवणवालीचा हात परत येणार नव्हता. तोडगेकाकाला कुणी काही बोललं नाही. कुणीतरी चारचौघांत दोन शब्द सुनवावेत, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी खिडकीत एक बाई आली. तिचा ओठ सुजलेला होता. तिने नोटिशीसाठी हात पुढे केला आणि तोडगेकाकाला कागद सोडवेना.

"तुम्ही घरी जा," तो म्हणाला. "मी नेतो."

त्याने खिडकी लावून घेतली, तसे वरचे साहेब धावत आले. इथलं काम कोण बघणार, लोक ताटकळतील, बोंब होईल, असं बरंच बोलले.

"होऊ दे. काम बंद पडलंय हे लोकांना दिसू तरी दे, साहेब. इतके दिवस मी ते झाकत होतो, या बायकांच्या जिवावर."

पत्ता सापडायला वेळ लागला नाही. भर दुपार होती, रस्त्यावर माणसं होती, छातीवर सरकारी बिल्ला होता. तरी त्या बंद दारासमोरून तोडगेकाका दोन पावलं मागे सरला. दिवसाउजेडी जा, असं आपण आजवर कितीजणींना सांगितलं ते तो आठवू लागला. एकीचाही चेहरा त्याला आठवेना. त्याने कडी वाजवली. आतून कुणीतरी दाराकडे येत होतं.