काळजीवाहक सक्षम

आईने कफ ओढायची नळी पोरीच्या गळ्यातल्या श्वासाच्या भोकात सरकवली, अंगठ्याने नळीच्या बाजूचं छिद्र दाबलं आणि नळी फिरवत फिरवत बाहेर ओढली. घरघर थांबली. पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा ब्याऐंशीवरून चढत सत्त्याण्णवला टेकला. माणूस नाक शिंकरेल, तेवढ्यात सगळं उरकलं.

“वा!” पाहणीला आलेल्या बाई म्हणाल्या. “नर्सला लाजवाल हो तुम्ही.”

आणि त्यांचं पेन चालू लागलं.

आईने त्या पेनाकडे पाहिलं. गेल्या वर्षीही असंच पेन चाललं होतं. घरी नर्स मिळावी म्हणून केलेला अर्ज एका ओळीत परत आला होता: काळजीवाहक सक्षम, मदतीची गरज नाही. चार वर्षं मरमर करून हात बसवला, त्याची ही शाबासकी.

“या खेपेला जरा वेंधळ्यासारखी वाग गं,” जाऊ फोनवर कानीकपाळी ओरडली होती. “भांडी पडू दे तशीच. दोन टिपं गाळ. तुला मेलीला नको तिथे हुशारी!”

भांडी पडू दिली होती. केसही विंचरले नव्हते. पण यंत्र वाजलं आणि हात आपणहून धावले. पोरीच्या श्वासाशी नाटक कुठून करणार?

“पुढचा प्रश्न,” बाई म्हणाल्या. “स्वतःच्या आनंदासाठी रोज काय करता?”

“दात घासते.”

बाई हसल्या. आई हसली नाही.

“मॅडम, गुरुवारी माझं ऑपरेशन आहे. गर्भाशयात गाठ आहे. दोनदा पुढे ढकललं. आता ढकललंत तर माझ्याकडे येऊच नका, म्हणालेत डॉक्टर. सहा दिवस दवाखान्यात, वर महिनाभर वजन उचलायचं नाही. ही सोळा किलोची आहे.”

“मिस्टर?”

“त्यांना सगळं येतं. रजा हिच्या न्यूमोनियात संपल्या. आता एक खाडा झाला तर घरी बसवतील.”

बाईंनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. “मग असं करू का, ‘अक्षम’वर खूण करते.”

“म्हणजे नर्स येईल?”

“नाही हो. मग मुलीला संस्थेत हलवतात. नियमच आहे तसा.”

आईने फॉर्मवर बोट ठेवलं. “मला येत असेल तर मदत नाही. येत नसेल तर पोर नाही.”

“नियम मी केलेत का, ताई? असा ताण घेऊ नका. त्यासाठीच तर...” बाईंनी पिशवीतून एक गुळगुळीत पत्रक काढलं. वर झुल्यात पुस्तक वाचणारी बाई, खाली ठळक अक्षरं: आधी स्वतःला जपा.

आईने पत्रक घेतलं, चार घड्या केल्या आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली कोंबलं.

“उठा. हात धुवा.”

“कोण, मी?”

“कोपरापर्यंत. साबण तिथे आहे.”

आवाजच असा होता की बाई उठल्या. हात पुसून होतात न होतात तोच पोर पुन्हा घरघरायला लागली. आईने त्यांच्या हातांवर मोजे चढवले, चिमटीत नवी नळी दिली आणि वरून आपला हात धरला. पोरीचे डोळे बाईंवर खिळले. नळी आत जाताच तिचं सगळं अंग उसळलं; आवाज नाही, नुसतं तोंड उघडलेलं. बाईंची बोटं थिजली.

“आता थांबायचं नाही,” आई म्हणाली. आणि त्यांचाच अंगठा दाबून नळी फिरवून ओढली.

आकडा चढला. बाई घामाने डबडबल्या होत्या.

“आलं की तुम्हाला,” आई म्हणाली. “आता लिहा. पर्यायी काळजीवाहक, तुमचं नाव. सक्षम. गुरुवारी सकाळी सातला या.”

“अहो, मी कशी येणार? मला ऑफिस आहे. घरी माझी मुलं आहेत. शिवाय माझी झोप...”

बाईंची नजर टेबलाच्या पायाखालच्या पत्रकावर गेली.  आईने त्यांच्या हातातले मोजे एकेक बोट करून सोडवले आणि डब्यात टाकले.

बाईंनी पर्समधून फोन काढला.

“सर, इथे नर्स लागेल. गुरुवारपासून... नाही, आईला सगळं येतं. उत्तम येतं... हो, माहीत आहे मला नियम. आत्ता मी स्वतः करून पाहिलं, सर. मला नाही जमलं.”

पलीकडचा आवाज चढला. भिंतीपर्यंत ऐकू येत होता. बाईंनी फोन कानापासून जरा लांब धरला, पण ठेवला नाही.

“तुम्ही वरच्या साहेबांना विचारा,” त्या म्हणाल्या. “मी लाइनवर थांबते. नाही सर, निघत नाहीये. इथेच आहे.”

आईने पायाने खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.