वहिनीच्या चेहऱ्यावरचं तेज

माझ्या नणंदेचं ब्यूटी पार्लर आहे, त्यामुळे आमच्या घरात चेहऱ्यांबाबत शेवटचा शब्द तिचा. सहाव्या महिन्यात माझे गाल लाल झाले, तेव्हा तिने मला खिडकीजवळ खेचलं, हनुवटी वर केली आणि जाहीर केलं, "आई, बघ! वहिनीला काय तेज आलंय!" लगेच फोटो काढून पार्लरच्या आरशावर चिकटवलासुद्धा.

मला ल्युपस आहे. म्हणजे अंगातला राखणीचा कुत्रा चोर सोडून घरच्यांनाच चावतो. मागच्या खेपेला त्यात बाळ गेलं. म्हणून या वेळी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, गोळ्या अजिबात चुकवायच्या नाहीत, बाळाला त्या चालतात. पण डॉक्टरीणबाई काय, नुसत्या शिकलेल्या! आमच्याकडे सगळ्यांना अनुभव.

"तेज कसलं, गाल भाजतायत माझे," मी म्हटलं. "पाय चपलेत मावत नाहीत."

"सुजतातच गं, दोन जिवांची आहेस," सासूबाई म्हणाल्या. जरा जास्तच खुशीत होत्या.

सासूबाई आणि मी तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी माझं तेज पाहिलं आणि त्यांचाच चेहरा उतरला. गालांची लाली म्हणजे ल्युपस उसळल्याची खूण होती, आणि लघवीतून प्रथिनं जात होती, म्हणजे तो मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. "गोळ्या कधी बंद केल्या?"

"बंद? रोज घेते की! सकाळी बोटं वळत नाहीत, म्हणून सासूबाई पाकिटातून काढून डबीत भरून ठेवतात."

सासूबाई एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागल्या.

"मी शक्तीच्या गोळ्या भरत होते," शेवटी त्या पुटपुटल्या. "तशाच पांढऱ्या. एवढं कडक औषध पोटात कशाला? बाळासाठीच केलं गं."

वा! आणि आम्ही तेजाचे फोटो काढत बसलो होतो. बाळाचे ठोके आत्तापुरते नीट होते, पण मला तिथेच दाखल करून घेतलं.

संध्याकाळी सासूबाई पलंगाशी येऊन उभ्या राहिल्या. रडून रडून डोळे सुजलेले.

"बाळाला माझ्यापासून वाचवायला निघालात," मी म्हटलं, "पण ते राहतं कुठे, आई? शेजाऱ्यांकडे?"

त्यांचा हात माझ्या पोटाकडे आला. मी तो मध्येच धरला आणि माझ्या सुजलेल्या गुडघ्यावर ठेवला.

हात तिथेच राहिला. मग एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "फार दुखतं का गं?"

"फार," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं.