दुसरा ब्रेक

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणारीचा, दुसरा बाजूला बसलेल्या बाईंच्या पायाशी. परीक्षेत हा दुसरा दाबला की घंटी वाजे आणि शिकणारी नापास. म्हणून बाई परीक्षेला पाय आखडून बसत आणि देवाऐवजी क्लच, गिअर, आरसा असा जप करत.

आज परीक्षा एका नर्सची होती. धर्ममंडळाच्या हट्टापायी सोमवारपासून नवा नियम येणार होता: बाईमाणसाला लायसन्स हवं तर बापाची नाहीतर नवऱ्याची सही. नर्सच्या बापाने सही द्यायला साफ नकार दिला होता. आज पास झाली तरच लांबच्या हॉस्पिटलातली नोकरी. नाहीतर बापाने ठरवलेलं स्थळ.

"अगं, आरशात बघ. माझ्याकडे काय बघतेस?"

"बाई, परीक्षा तिची आहे," मागच्या सीटवरून परीक्षक साहेब म्हणाले. बाईंनी पाय आणखी आखडून घेतले.

वळणावर मंडळाची पोरं दंडाला पांढरे पट्टे बांधून उभी होती. पोरं कसली, चांगले घोडे झालेले! बाईंचा जप गिअरवरच अडकला. नर्सने मात्र शिकवल्याप्रमाणे वेग कमी केला, हॉर्न दिला. तेवढ्यात एक जण हात पसरून रस्त्यात आला.

बाईंचाच मुलगा. मंडळात गेल्यापासून आईशी धड बोलत नव्हता. जेवण तेवढं तिच्याच हातचं चाटूनपुसून खात होता.

नर्सने गाडी शांतपणे बाजूने घ्यायला सुरुवात केली. बाईंना मुलाशिवाय काहीच दिसेना. त्यांचा पाय आपोआप खाली गेला आणि घंटी वाजली.

"नापास," साहेब म्हणाले. त्यांनाही ते बोलायला जड गेलं.

"बाई, जागा होती," नर्स म्हणाली. तिचे हात अजून स्टिअरिंगवरच होते. "मी काढली असती गाडी."

होतीच जागा. आता बाईंना ती स्पष्ट दिसत होती, दुसरी गाडीसुद्धा गेली असती एवढी. त्यांना स्वतःचाच इतका संताप आला की रडू फुटलं.

मुलगा खिडकीशी येऊन वाकला. नर्सकडे त्याने पाहिलंही नाही.

"घाबरलीस का आई?" कितीतरी दिवसांनी तो इतक्या मायेने बोलत होता. "अगं, तुझी गाडी बघूनच पुढे आलो. तू मला काही होऊ देणार नाहीस, माहीत होतं मला."