नवसाबाईचा हंगाम

"मग घालून टाका ना बाई पाणी माझ्या डोक्यावर! त्यात काय एवढं?"

मेथीची जुडी बांधता बांधता चिमणाबाई हे इतक्या सहज बोलली की नवसाबाईच्या आधी काही लक्षातच आलं नाही.

"काय म्हणालीस?"

"तो बाप्तिस्मा का काय म्हणता, तो. मी घेते. म्हंजे तुमचं काम जायाचं नाय."

नवसाबाईने कपाळाला हात लावला. चूक तिचीच होती. कधी नव्हे ते आज तिने आपलं रडगाणं या बाईपुढे गायलं होतं. नवसाबाई शरणपूरच्या मिशनची बायबलबाई. पांढरं नऊवारी लुगडं, काळी छत्री आणि खांद्याला पिशवी, अशी ती रोज दुपारी नदीकाठच्या माळ्यांच्या वाडीत यायची. बाया भाजी निवडत, फुलं ओवत बसलेल्या असायच्या. ही त्यांच्यात बसून त्यांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायची. पोरसवदा होती तेव्हापासून वाडीची वाट तिने कधी चुकवली नव्हती. पण एवढ्या वर्षांत वाडीतली एकही बाई ख्रिस्ती झाली नव्हती. गोष्ट ऐकायला सगळ्या पुढे, बाप्तिस्म्याचं नाव काढलं की सगळ्यांना म्हशीची धार आठवायची.

आता विलायतेत मंदी आली होती आणि मिशनने हात आखडता घेतला होता. जिथे फळ नाही तिथली माणसं दुसऱ्या कामाला लावायची असं ठरलं होतं. पाद्री आढावसाहेब भला माणूस. त्यांनी नवसाबाईला बोलावून मऊ आवाजात सांगितलं होतं, "या हंगामाच्या रविवारी, नवी माणसं वेदीपुढे येतात तेव्हा, तुमच्याबरोबर एक जरी माणूस उभं राहिलं, तरी मला कमिटीपुढे तोंड उघडता येईल. नाहीतर नाताळानंतर तुम्ही बोर्डिंगचं स्वयंपाकघर सांभाळा."

स्वयंपाकघर! ज्या बाईने आयुष्यभर उन्हातान्हात देवाचा शब्द वाहिला, तिने आता पोरींच्या आमटीला फोडणी द्यायची.

चिमणाबाई जुडी खाली ठेवून जवळ सरकली. "तुमचीच गोष्ट हाय की बाई. त्या सुनेनं सासूचा देव घेतला का नाय? मी तुमचा घेतला तर काय बिघडलं?"

मोआब देशातली ती विधवा सून म्हणजे वाडीचा जीव की प्राण. नवरा गेला तरी म्हाताऱ्या सासूचा हात तिने सोडला नाही. आपला मुलूख सोडून सासूच्या गावी गेली आणि परक्याच्या शेतात कापणीमागे पडलेला सरवा वेचून दोघींची पोटं भरली. सासूला इतकं जपणारी सून असते हे माळणींना खरंच वाटायचं नाही, म्हणून त्या ही गोष्ट पुन्हापुन्हा सांगायला लावत. आजही तीच चालली होती.

"चिमणे," नवसाबाई उठून उभी राहिली, "ती सून सासूची चाकरी वाचवायला नव्हती गेली."

"पर माझा नवरा पटकीनं गेला तवा भाऊबंद दारात आले नाय. तुम्ही आला. पानी उकळून पाजलं, रातभर बसला. त्याचं काय?"

"ते मी उसनं दिलं नव्हतं. तू फेडू नकोस."

गोष्ट अर्धवट टाकून नवसाबाई तरातरा निघाली. छत्री उघडायचंही तिला भान राहिलं नाही.

नवसाबाई हट्टी होती, आणि हा हट्ट आजचा नव्हता. कळवणकडच्या तिच्या आईबापांनी गडावरच्या देवीला नवस बोलून ही पोर मिळवली होती. संवत छप्पन्नच्या मोठ्या दुष्काळात दोघंही गेली आणि पोर मिशनच्या अनाथाश्रमात आली. बाप्तिस्म्याच्या वेळी मडमसाहेबांनी तिचं नाव राहेल ठेवायचं ठरवलं. दहा वर्षांच्या त्या काडीसारख्या पोरीने पाण्याच्या कुंडाशी उभं राहून सांगितलं, "देव तुमचा घेते. पण नाव माझ्या आईनं ठेवलंय, ते मी देणार नाही." मडमसाहेब आधी रागावल्या, मग हसल्या, आणि नवसाबाई ती नवसाबाईच राहिली.

चार दिवसांनी पाद्रीसाहेबांनी तिला ओट्यावर बोलावलं. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"अहो नवसाबाई, माझ्यापासून लपवून ठेवता होय? ती चिमणाबाई स्वतः चालत आली होती. म्हणाली, रविवारी मी नवसाबाईंबरोबर उभी राहते. वाडीतलं पहिलं फळ!"

खोटं कशाला बोला, एक क्षण नवसाबाईला मोह झाला. एका 'हो'चं तर काम होतं. रविवारी चिमणीचा हात धरून वेदीपुढे उभं राहायचं, सगळ्या मंडळीने बघायचं, आणि सोमवारी छत्री घेऊन पुन्हा वाडीची वाट धरायची.

"तिला विचारलंत का, कशासाठी घेतेस म्हणून?"

"बाप्तिस्मा मागायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं का?"

"मी सांगते कशासाठी. माझं काम राहावं म्हणून. ती माझ्यावर दया करून पाणी घेईल, तर ते पाणी देवाचं होणार नाही साहेब, माझं होईल."

"अहो, पण सुरुवात कशीही झाली तरी देव पुढे—"

"देव करील. त्याला काही अशक्य नाही. पण स्वतःच्या चाकरीसाठी माणूस आणून उभं करणाऱ्याला बाजारात दलाल म्हणतात. मी दलाल नाही."

पाद्रीसाहेबांनी विचारलं, "स्वयंपाकघराचं काय मग?"

"किल्ल्या तयार ठेवा," नवसाबाई म्हणाली. घरी जाऊन मात्र ती दार लावून पोटभर रडली.

हंगामाचा रविवार उजाडला. मिशनच्या देवळात ज्वारीची कणसं, पेरू, भोपळे, कुणाकुणाची कोंबडीसुद्धा वेदीपाशी येऊन पडली होती. उपकारस्तुती झाली आणि पाद्रीसाहेब एकेका प्रचारकाचं नाव घेऊ लागले. नाव घेतलं की प्रचारकाने त्या वर्षीच्या नव्या माणसांना घेऊन पुढे यायचं, अशी तिथली रीत होती. ज्याच्याबरोबर कुणी नसेल तो जागेवर बसून राहायचा, आणि पाद्री खाली न बघता पुढचं नाव घ्यायचे. पेठकडचा मंगळू दोन कुटुंबं घेऊन उभा राहिला. सायखेड्याचा फकिरा एका म्हाताऱ्याला हाताला धरून घेऊन आला.

"नवसाबाई," पाद्रीसाहेब हळूच म्हणाले आणि लगेच पुढच्या नावाकडे वळले.

पण नवसाबाई उठली. तिच्या पांढऱ्या लुगड्याला नीळ दिलेली होती आणि पदर डोक्यावरून चापूनचोपून घेतलेला होता. बाकांच्या मधून ती एकटी चालत गेली, आपलं वर्ष वेदीपुढे ठेवायला. मंगळूच्या शेजारी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माझ्याबरोबर कुणी नाही."

मंडळीतल्या काहींनी माना खाली घातल्या. नवसाबाईने मान खाली घातली नाही. त्या दिवशी सगळ्या देवळात तिच्याएवढं ताठ कुणीच उभं नव्हतं. दारातून चिमणाबाई हे बघत होती. झेंडूची पाटी तिने पायरीवर ठेवली आणि आत न येता निघून गेली.

नाताळ झाला. नवसाबाईच्या कमरेला बोर्डिंगच्या किल्ल्या आल्या. चुलीपुढे पांढरं लुगडं टिकायचं नाही, रंगीत नेसा, असं सगळ्यांनी सांगितलं. तिने ऐकलं नाही.

एके दुपारी मागच्या दाराशी हाक आली. "भाजी घेता का बाई?"

चिमणाबाईच्या डोक्यावर पाटी होती. उत्तराची वाट न बघता तिने ती उतरवली आणि मेथीच्या जुड्या काढायला लागली. मेथी काढून झाली तरी चिमणाबाई उठेना.

"बाई, येक विचारू? ती सून... आईबाप, देव, मुलूख समदं मागं ठिवून निघाली. तिला भ्या नाय वाटलं?"

नवसाबाईच्या हातातला डाव आमटीत तसाच राहिला. ही गोष्ट तिने वाडीत कितीदा सांगितली असेल. सासू कशी होती, सरवा किती मिळाला, पुढे लग्न कुणाशी झालं, हे सगळं बायांनी विचारलं होतं. हे कधीच कुणी विचारलं नव्हतं.

"वाटलं असेल ना," ती म्हणाली. "मलाही वाटलं होतं."

"मंग सांगा."

हे पाद्रीसाहेबांना सांगायचं नाही, नाहीतर ते फळ म्हणून मोजतील, एवढं नवसाबाईने मनाशी ठरवलं. तिने आमटीवर झाकण ठेवलं, हळदीचे हात राखेने घासून धुतले, पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला आणि उंबऱ्याशी चिमणाबाईच्या समोर येऊन बसली.