देवकीच्या मांगरातली शहाणी पोरं

मंडळी, तान्ह्या लेकराच्या आईला कामावर जायचं असलं की घरोघरी एकच प्रश्न पडतो. पोर कुणाकडे ठेवायचं? कॅसलरॉकला आगगाडी येऊन वीस-बावीस वर्षं झाली होती, तेव्हाही अणशीच्या रानातल्या त्या बारा घरांच्या वाडीत हाच प्रश्न होता. आषाढात भाताची लावणी सुरू झाली की सुनेपासून सासूपर्यंत सगळ्या बाया चिखलात. डोक्यावर इरलं घेऊन रोप लावता येतं, पण पाठीला पोर बांधून दिवसभर पावसात वाकता येत नाही. वाडीने त्यावर तोड काढली होती. शेताच्या वरच्या अंगाला धाकलूचा मांगर होता, म्हणजे गवताने शाकारलेली खोप. तिथे त्याची म्हातारी बायको देवकी वाडीतली सगळी तान्ही सांभाळायची.

आणि सांभाळायची तरी कशी! सहा-सात पोरं वाकळीवर ओळीने निजलेली, बाजूला शेकोटी, आणि रडण्याचा आवाज म्हणून नाही. शेजारच्या वाडीतल्या बाया बघून तोंडात बोट घालायच्या.

"काय गो शहाणी पोरं ही! आमची तर घर डोक्यावर घेतात."

देवकी फुशारून म्हणायची, "पोर रडलं तर राखणारणीची लाज!"

या शहाणपणामागचं गुपित सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. रानात तोडीच्या कामावर असताना धाकलूच्या कमरेवर ओंडका पडला होता. तेव्हापासून तो दुखण्यावर अफू घ्यायचा, बाजारातल्या ठेक्याच्या दुकानातून आणायचा. त्याच्या डबीतली थोडी अफू देवकी मधात कालवायची आणि आया शेतात उतरल्या की ओळीने एकेकाच्या ओठांवरून बोट फिरवायची. तिच्या सासूने तिला हेच शिकवलं होतं. घरीही कित्येक आया हेच करत. वाईट मनाची बाई नव्हती हो देवकी! पोरांची नाकं पुसताना, शेकोटीवर दुपटी वाळवताना तिचा जीव त्यांच्यात अडकलेला असायचा. पण माया असली म्हणजे समज असतेच असं नाही, हे तुम्हीआम्ही आपापल्या घरात पाहिलेलं आहे.

"देवके, पोरांना ते देऊ नको," धाकलूने एकदा सरळच सांगितलं.

"अवो, तुम्ही सुपारीएवढी घेता ते चालतं व्हय? आणि माझ्या मोहरीएवढीवर डोळा!"

"मी घेतो म्हणूनच सांगतो. ती घेतली की माणूस निजत न्हाई, बुडतो. भूक कळत न्हाई, थंडी कळत न्हाई. मी दांडगा गडी, मी वर येतो. तान्ह्याला वर येता न्हाई आलं तर?"

"आपली पोरं ह्याच्यावरच वाढली न्हवं?"

"पाच झाली. दोन वाढली."

देवकी चिडून म्हणाली, "तिघांना देवानं नेलं. उगाच अभद्र बोलू नका!" आणि तरातरा बाहेर गेली. डबी धाकलूने लपवून ठेवायला हवी होती. पण डबीवाचून ज्याचं स्वतःचंच चालत नाही, तो दुसऱ्याशी कुठल्या तोंडाने भांडणार?

त्या वर्षी लावणी अर्ध्यावर आली आणि परशूच्या शेताची पाळी आली. काम सावडीचं, आज सगळी वाडी त्याच्याकडे राबणार आणि त्याची बायको केशर सगळ्यांच्या पुढे चिखलात उतरणार. केशरला पहिलीच लेक, फुला, पाच महिन्यांची. दोन दिवस ती किरकिरत होती. इकडे वीस माणसांची पेज शिजवायची, तिकडे पोर खांद्यावरून उतरेना. शेवटी केशरने घरातली चिमूटभर अफू मधात घोळली आणि बोटाने चाटवली. फुला पेंगली. केशरने तिला मांगरात आणून वाकळीवर ठेवलं, "काकी, दुपारी येते गो पाजायला," म्हणाली आणि पावसात धावली.

सकाळी काय दिलं ते केशरने सांगितलं नाही. देवकीने विचारलं नाही. नेहमीसारखं मधाचं बोट ओळीने फिरलं. फुला निजलेलीच होती, तरी तिच्याही ओठांवरून फिरलं. सवयीच्या हाताला डोळे नसतात!

दुपारी केशर आली तेव्हा दुधाने तिचा पदर भिजला होता. फुला तोंड उघडेना.

"निजू दे गो," देवकी म्हणाली. "शहाणी हाय तुझी लेक. उठली की हाक मारते."

हात चिखलाचे होते म्हणून केशरने मनगटानेच लेकीचं कपाळ चाचपलं आणि ती परत गेली.

दिवस कलता कलता धाकलू लाकडं घेऊन लंगडत मांगरात आला. ओळीवरून त्याची नजर फिरली आणि फुलावर थांबली. ओठ निळसर. एक श्वास, मग बराच वेळ काही नाही. त्याने तिची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

"देवके! पोर बुडाली गो, बुडाली!"

त्याने तिला उचललं, हलवलं, तळवे चोळले, तोंडावर पाणी मारलं. देवकीने छातीशी धरून हाका मारल्या. दवाखाना लांब सुप्याच्या गावात, मधले ओढे दुथडी भरलेले. केशर गुडघाभर चिखलासकट धावत आली, तिच्यामागे परशू आला. तेवढ्यात फुलाने एक श्वास घेतला आणि पुढचा घेतलाच नाही.

केशरने हंबरडा फोडला. "काकी, मी सकाळीच दिली होती गो! मीच दिली होती!"

देवकीचा चेहरा पांढराफटक पडला. "मग मला का न्हाई सांगितलंस पोरी?"

"तू कुठं इचारलंस?"

मांगरात बाया जमल्या. एक म्हणाली, नजर लागली. दुसरी म्हणाली, रानातल्या देवचारानं नेली. तिसरीने हात जोडले, "देवाचं होतं, देवानं नेलं."

"देवाचं नाव घेऊ नका!" देवकी ओरडली. "देवानं न्हाई नेली. ह्या बोटानं नेली! माझी तीन गेली तीबी अशीच निजली होती, निळी पडून. हे मला सांगत होते आणि मी त्यांच्यावरच चिडले." तिने ते बोट शेकोटीच्या दगडावर आपटलं, पुन्हा आपटलं. धाकलूने तिचा हात धरला.

"बोटाला मारून काय व्हायचं? डबी माझी होती," तो म्हणाला. मग बायांकडे वळला. "ऐका गो. पोर रडतं तवा ते सांगतं, भूक लागली, ओलं झालंय, पोट दुखतंय. त्याला दुसरं काय बोलता येतं? आपण अफू घालून त्याचं तोंड बांधतो आणि म्हणतो, शहाणं हाय! कुणाचं शहाणपण हे? आपल्या कामाची सोय हाय ती."

परशूने लेकीला वाकळीत गुंडाळलं आणि उचललं. त्या दिवशी पुढे कुणी चिखलात उतरलं नाही.

चौथ्या दिवशी लावणी पुन्हा सुरू झाली. पाऊस थांबत नाही आणि रोप वाट बघत नाही. पण मांगरातून कधी नव्हे तो कालवा उठला. सहा पोरं, सहा तऱ्हेचं रडणं! अफू बंद झाली होती. देवकीच्या जोडीला रोज दोघी बायांनी थांबायचं, आयांनी पाळीपाळीने पाजायला यायचं, असं ठरलं. लावणी आठ दिवस लांबणार होती. काही पुरुष कुरकुरले. परशूने त्यांच्याकडे नुसतं बघितलं, ते पुन्हा चिखलात उतरले.

केशर घरातच पडून होती. छातीत दुधाच्या गाठी झालेल्या, अंगात कणकण. ते रडणं तिने दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी ती उठली आणि मांगरात येऊन उभी राहिली. वाडीतल्या तुळजाचा मुलगा भुकेने लालबुंद होऊन रडत होता, त्याची आई खालच्या खाचरातून अजून यायची होती. केशरने हात पुढे केले, पण घेतलं नाही.

"काकी," तिने विचारलं, "ह्याला सकाळपासून काय काय दिलंय?"

देवकीने पोराला उचलून तिच्यापुढे धरलं. "आईचं दूध, एकदाच. दुसरं काही न्हाई. मी इचारून घेतलंय."

केशर खाली बसली आणि तिने पोराला पदराखाली घेतलं. पोर चुटूचुटू प्यायला लागलं. ती रडत होती, देवकीही रडत होती, आणि पलीकडे उरलेली पाच पोरं गळा काढून रडत होती.

"थांब, गप्प करते त्यांना," एक बाई म्हणाली.

"रडू दे गो," देवकी म्हणाली. "रडतंय तवर जितं हाय."

बंधुभगिनींनो, फुला परत आली नाही. गेलेली लेकरं आपल्या पश्चात्तापाने परत येत नसतात. पण अजून जी आपल्या घरात आहेत, त्यांच्यासाठी एवढं लक्षात ठेवा. गप्प मूल सुखीच असतं असं नाही. आपली सोय व्हावी म्हणून त्याला काही चाटवू नका. मूल ज्याच्या हाती द्याल, त्याला सगळं सांगा. मूल ज्याच्या हाती येईल, त्याने सगळं विचारा. सांगायला आणि विचारायला दोन वाक्यं लागतात, आणि तेवढ्यासाठी केशरची लेक गेली.