विटकरी शेवंती

पालवीबाबांच्या हॉलच्या दारापासून रस्त्याच्या वळणापर्यंत रांग होती आणि प्रत्येकाच्या हातात एक वाळकी काडी होती. गेलेल्या माणसानं लावलेल्या शेवंतीची काडी आणा, बाबा तिच्यात त्या माणसाला परत बोलावतात, अशी ख्याती पसरली होती. बाबा काडी हिरव्या फडक्यात गुंडाळत आणि डोळे मिटून म्हणत, "आत्मा वाटेत आहे. महिन्यानं या. घरची जुनी कुंडी मात्र फेका, एका जिवाला दोन घरं नकोत." महिन्यानं खरंच हिरवं रोपटं हातात पडे. आत्म्याला यायला महिनाभर का लागतो, हे कुणी विचारत नसे.

शिंपीमास्तरांनीही विचारलं नाही. बायको गेली आणि घरात आवाज उरला तो शिलाई मशीनचा, तोही पाय चालवला तर. तिची शेवंती फुलून वाळली. मास्तरांनी जन्मात कुंडीकडे पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, तिच्यामागोमाग हीसुद्धा गेली. बाबांचं रोपटं मशीनशेजारी आलं, तसे ते त्याच्याशी बोलू लागले. "आज काजं मीच केली बरं का. तुझ्यासारखी जमत नाहीत." नातलगांना घरात घेऊ नका, दृष्ट लागते, असं बाबांनी बजावलं होतं. मेहुणी किती वेळा येऊन बंद दारावरून परत गेली.

रोपटं फुललं त्या आठवड्यात ती मागच्या दारानं आत आली.

"हे पिवळं कुणाचं, दाजी?"

"तुझ्या ताईचं. म्हणजे... ताईच आहे ती."

मेहुणी हसली नाही. "ताईची शेवंती विटकरी होती."

"बाबा म्हणतात, पलीकडे गेलं की रंग बदलतो."

"काही बदलत नाही. काडी ज्या झाडाची, त्याच रंगाची फुलते. ताईची कुंडी कुठंय?"

मास्तर ओशाळले. "फेकायला हात धजला नाही. मोरीमागे ठेवलीय."

तिथं गळक्या नळाखाली वाळक्या काड्यांच्या बुडातून हातभर झाड वर आलं होतं. शेंड्याची कळी विटकरी रंग दाखवत होती.

"फुलून झालं की वरचं वाळतं, मूळ जिवंत असतं," मेहुणी म्हणाली. "म्हणून तर तो कुंड्या फेकायला लावतो. घरोघरी कोंब फुटले तर त्याला कोण विचारील?"

मास्तरांनी वाकून कळीला बोट लावलं. "मग मी इतके महिने बोललो कुणाशी?"

"माझ्याशी बोलायचं होतंत. माझीही बहीणच गेलीय, दाजी. मी दाराबाहेर उभी होते."

दुसऱ्या दिवशी दोघं हॉलवर गेली. फुललेली रोपं घेऊन माणसं बाबांच्या पाया पडायला जमली होती. मास्तरांनी आपलं रोपटं पुढे धरलं. "बाबा, माझी बायको पिवळी फुलली. ह्यांचे वडील पिवळे. त्या बाईंचा मुलगाही पिवळाच. सगळ्यांची माणसं एका रंगाची कशी?"

"मृत्यूपुढे सारे समान, बेटा."

मेहुणीनं मागचा पडदा सरकवला. ओल्या वाळूचे ट्रे, त्यांत बरण्यांखाली झाकलेले शेंडे, आणि कोपऱ्यात पिवळ्या शेवंतीचं एकच दांडगं झाड. शेजारच्या कचऱ्याच्या डब्यात लोकांनी आणलेल्या वाळक्या काड्या होत्या. एक म्हातारी पुढे झाली आणि डब्यातून आपली काडी शोधू लागली. ती कशी ओळखू येणार? बाबा मागच्या दारानं कधी सटकले, कळलंच नाही.

आता मास्तर दुकानात येईल त्याला विटकरी शेवंती लावून दाखवतात. कोवळा शेंडा पेराखाली कापायचा, खालची पानं काढायची, ओल्या वाळूत खोचून सावलीत ठेवायचा. महिन्याभरात मुळं धरतात. "मंत्र लागत नाही, पाणी लागतं," ते सांगतात. "गेलेलं माणूस मात्र ह्यातून येत नाही. आणून देतो म्हणणाऱ्याला विचारा, मधला महिनाभर तू काय करतोस? आणि तो दार लावून घ्या म्हणाला, तर आधी दार उघडा."

एकटेपणा गेला असं नाही. मोरीमागची ती कळी पुरती उमलली तेव्हा "बघ गं" असं त्यांच्या तोंडून निघून गेलंच. मग त्यांनी डोळे पुसले आणि मेहुणीला फोन लावला.